अनुभव धागा: भाषण क्लबात उभं राहणं आणि दुसऱ्याच्या भाषणावर नीट बोलणं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात भाषण क्लबाच्या सभांना जाणाऱ्यांनी इथं लिहावं. स्वतःची कहाणी नको, काय केलं की जमतं आणि कुठं फसतं तेवढंच. अभिप्रायावर जास्त लिहा, आपली बोंब तिथंच आहे.

टिळकवाडीकर
आधी वेळा. बहुतेक ठिकाणी टोस्टमास्टर्सची पद्धत चालते (भाषणाचा सराव करणाऱ्या क्लबांची ही जगभरची संस्था, १९२४ ची). पहिलं भाषण ४ ते ६ मिनिटं, नेहमीचं ५ ते ७, ऐनवेळचा विषय १ ते २, अभिप्राय २ ते ३. नेहमीच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवं कार्ड, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल, वर ३० सेकंदांची सवलत. वेळ बघणाऱ्याला पुढच्या कोपऱ्यात बसवू नका. वक्ता कार्डासाठी मान वळवतो आणि वाक्य सुटतं. मागच्या रांगेत मधोमध बसवा.

खानापूरकर
शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची सवय म्हणजे पाठांतर. एक वाक्य अडलं की पुढची गाडी रुळावरून घसरते. पहिली दोन वाक्यं आणि शेवटचं एक, एवढंच पाठ करा. मधल्यासाठी चिठ्ठीवर पाच शब्द पुरतात. ६ मिनिटांना साधारण ६०० शब्द धरा, ८०० नेलेत तर पळावं लागतं.

दुसरं, मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि आपला आवाज नेमका तिथंच पडतो. "हा रस्ता आम्हाला मान्य नाही" यातलं "नाही" पंख्याच्या घरघरीत गेलं की मागच्या रांगेला उलटंच ऐकू येतं. पावसाळ्यात पत्र्याच्या हॉलमध्ये तर विचारूच नका. सरावाला मित्राला शेवटच्या खुर्चीवर बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहायला सांगा. कोरी जागा राहिली तिथं आवाज पडलाय.

शहापूरकर
"छान बोललात, आत्मविश्वास आणखी हवा" हा अभिप्राय नव्हे, लग्नातला आहेर आहे, सगळ्यांना तोच. आत्मविश्वास हवा म्हणजे पुढच्या वेळी नेमकं करायचं काय?

कागदाला मधोमध घडी घाला. डावीकडं जे ऐकलं-दिसलं ते, वक्त्याच्याच शब्दांत. उजवीकडं ऐकणाऱ्याला काय झालं. उदाहरणार्थ डावीकडं: "'बाबांनी सायकल विकली', लगेच पुढचं वाक्य." उजवीकडं: "वाईट वाटायला वेळच मिळाला नाही." सूचना आपोआप निघते, तिथं दोन सेकंद थांबा. भाषणाआधी वक्त्याला विचारून घ्या, आज कशावर लक्ष ठेवू? आणि ३ मिनिटांत सूचना दोनच. पाचवीपर्यंत पहिली विसरलेली असते.

निवृत्त गुरुजींना कॉलेजच्या पोरीनं अभिप्राय द्यायचा म्हटलं की नुसती स्तुती होते. "सर, तुम्ही भरभर बोलता" ऐवजी "सर, तिसरा मुद्दा मला लिहून घेता आला नाही" म्हणावं. गुरुजींचा मानही राहतो आणि चूक पण पोचते.

निपाणीकर
सभेत वक्त्याचे अडखळण्याचे अं-आं मोजायचं काम ज्यांच्याकडं असतं त्यांना विनंती, आपलं "की" मोजू नका. "येतो की", "होय की" ही बोली आहे, अडखळणं नव्हे. मोजायचं ते "म्हणजे", "काय म्हणतात", "आणि मग". नुसता आकडा सांगून उपयोग नाही, जागा सांगा. बहुतेक वेळा एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर जाताना हे शब्द येतात, कारण जोडणारं वाक्य ठरवलेलंच नसतं. ते एक वाक्य चिठ्ठीवर लिहिलं की निम्मे "म्हणजे" जातात. प्रत्येक अं-ला घंटा वाजवणं मात्र नवख्याला पहिली तीन भाषणं तरी नको, तो गप्पच होतो.

चिकोडीकर
ऐनवेळचा विषय काढणाऱ्याचीच चूक जास्त असते. "यश म्हणजे काय?" यावर कोण काय बोलणार? "शनिवारी खडेबाजारात गाडी लावायला जागा नाही, काय कराल?" असं विचारा. उत्तर देणाऱ्यानं मत, कारण, एक उदाहरण, परत मत, एवढं धरलं तर दीड मिनिट भरतं. कडोली, येळ्ळूरच्या संमेलनांसारख्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करायचं असेल तर हाच सराव कामाला येतो. पाहुणे उशिरा येतातच.

आणि कन्नड-मराठी मिसळ क्लबात अभिप्राय कुठल्याही भाषेत द्या, पण वक्त्याचं वाक्य सांगताना ते त्याच्याच भाषेत म्हणा. भाषांतर केलं की "मी असं म्हणालोच नाही" यावर पाच मिनिटं जातात.