सेल्फ फिरतो, किकही बसते, पण स्कूटर चालू होत नाही

परळची_अन्नपूर्णा

नमस्कार मंडळी. माझी ११० सीसीची स्कूटर आहे, २०१७ची, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. मी घरून डबे देते. टाटाला, केईएमला बाहेरगावचे पेशंट येतात, त्यांच्यासोबतची माणसं धर्मशाळेत नाहीतर कुणाच्या ओळखीने आसपास उतरतात. त्यांना आणि काही पेशंटनाही दोन वेळचं जेवण पोचवायचं. केमो चालू असलेल्या माणसाला मऊ, बिनतिखट खिचडी भूक असेल तेव्हाच मिळाली तर चार घास जातात. मळमळ सुरू झाली की डबा तसाच परत येतो. म्हणून गाडी बंद पडली की माझा जीव वरखाली होतो.

शनिवारी रात्री धो धो पाऊस झाला. हिंदमाताला नेहमीसारखं पाणी भरलं, पण आमच्या गल्लीत फार तर टायर ओले होण्याइतकं होतं, आणि मी गाडी पाण्यातून काढलेलीच नाही. चाळीबाहेर गुलमोहराखाली उभी होती. वर ताडपत्री घातलेली, ती वाऱ्याने उडून शेजारच्या पत्र्यावर गेली. सकाळी ब्रेक दाबून सेल्फ मारला. इंजिन चांगलं जोरात फिरतं, पण पकडत नाही. किक मारली तेव्हा एकदा फुरफुरल्यासारखी झाली आणि बंद. दिवे लख्ख, हॉर्न नेहमीसारखा. पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर.

नाक्यावरच्या गॅरेजमध्ये ढकलत नेली. त्यांनी लांबूनच सांगितलं, इंजिनात पाणी गेलंय, खोलावं लागेल, साडेआठ हजार. प्लगसुद्धा काढून बघितला नाही. काम असेल तर पैसे देईन, पण ते खरंच आहे का हे आधी कळायला हवं. घरी प्लगपाना आहे, मिस्टरांचा पक्कड-पेचकसचा डबा आहे. काय बघू, आणि कुठल्या क्रमाने? सध्या पुतण्या सायकलवरून डबे नेतोय, पण त्याचं कॉलेज आहे.

चेतकवाले_काका

ताई, आमच्याकडे १९८४ची बजाज चेतक होती. पावसाळ्यात ती चालू करायची म्हणजे पहिल्यांदा एका अंगाला कलती करायची, थोडं थांबायचं, मग किक. गिरगावात अख्ख्या गल्लीत सकाळी हेच चालायचं. शिवाय प्लग काढून गॅसवर कोरडा करून गरम गरम बसवायचा, लगेच घेते गाडी. करून बघा. एवढ्यासाठी इंजिन खोलायला अजिबात देऊ नका.

रायडर_कुर्ला

ताई, मी पार्सल डिलिव्हरी करतो, दिवसभर गाडीवरच असतो. सेल्फच फिरत नसता तर ब्रेकचा स्विच आणि साइड स्टँड बघा म्हणालो असतो. नवीन गाड्यांत स्टँड खाली असेल तर चालूच होत नाही. पण तुमचा सेल्फ फिरतोय, म्हणजे ते नाही. माझी बीएस-६ आहे, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवाली. १ एप्रिल २०२० पासूनच्या नव्या गाड्या बीएस-६च. त्यात किल्ली फिरवली की टाकीतला पंप दोन-तीन सेकंद बारीक आवाज करतो, तो आला नाही की समजायचं पेट्रोल पोचत नाहीये. तुमच्या गाडीत तो प्रकार नाही.

मला पंपावरच्या पेट्रोलचा संशय येतो. शेवटचं कधी आणि कुठे भरलंत?

पाना_पक्कड_भांडुप

ताई, माझं भांडुपला छोटं गॅरेज आहे, जुलै-ऑगस्टमध्ये अशाच गाड्या समोर उभ्या असतात. आधी एक विनंती. सेल्फ मारत राहू नका. एका वेळी पाच सेकंदांच्या वर नाही, मध्ये दहा सेकंद तरी थांबायचं. नाहीतर मूळ बिघाड राहतो बाजूला आणि नवी बॅटरी घ्यायची पाळी येते.

तुम्ही नीट लिहिलंय, त्यातून बरंच कळतं. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी आणि सेल्फला करंट सोडणारा रिले ठीक. किक पूर्ण खाली जाते ना? सिलिंडरमध्ये पाणी भरलं असतं तर ती मध्येच दगडासारखी अडकली असती, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. तरी ऑइलची कांडी काढून बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी खरंच आत गेलंय. मग सेल्फ नको, किक नको, आधी ऑइल काढून टाकायचं. ऑइल नेहमीच्या रंगाचं असेल तर इंजिन खोलायचा विषय तिथेच संपला. गाडी न बघता इंजिन खोला म्हणणारा माणूस माझ्याच धंद्यातला आहे याचं मला वाईट वाटतं.

आता राहिलं करंट, पेट्रोल आणि हवा. तिघांची खबर प्लग देतो. सीटच्या खाली, आपण पाय ठेवतो त्या बाजूला प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, बहुतेक गाड्यांत तिथून प्लग दिसतो. इंजिन गार असताना प्लगवरची वायरची कॅप ओढा, पण वायर धरून ओढू नका, कॅपच धरा. कॅपच्या आत पाणी किंवा हिरवट गंज आहे का बघा. आपल्याकडे समुद्राची हवा, पितळ आणि तांबं लवकर हिरवं पडतं. असेल तर फडक्याने कोरडं करा. प्लगभोवतीचा कचरा फुंकून मग प्लग काढा, नाहीतर ती माती सरळ इंजिनात पडते.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाहीये. ओला असेल आणि पेट्रोलचा वास मारत असेल तर पेट्रोल येतंय, करंट नाही किंवा ओव्हरफ्लो झालंय. ओला आहे पण वास नाही, तर त्यावरचा थेंब बोटावर घ्या. पेट्रोल गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. पाणी बोटावर तसंच राहतं.

करंट बघायचा असेल तर प्लग पुसून कॅपमध्ये घाला, प्लगचं भोक फडक्याने झाका, रबरी मुठीच्या पकडीने प्लगचं अंग इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवा आणि दुसऱ्याला किक मारायला सांगा. निळी, चटचट आवाजाची ठिणगी हवी. लालसर, मरतुकडी असेल तर नवा प्लग घ्या, तो महाग नसतो. हे उघड्यावर करा. पेट्रोल सांडलंय, वास येतोय अशा जागी ठिणगी पाडायची नाही.

काका, चेतकचा मान आहेच, माझे वडील त्याच गाड्यांवर काम शिकले. पण आताच्या बऱ्याच स्कूटरना पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालचा नळ, इंजिन फिरताना होणाऱ्या ओढीवर उघडतो, कलती केल्याने तो उघडत नाही. उलट टाकीच्या तळाशी पाणी असेल तर ते सगळं ढवळून निघेल. आणि ताई, पेट्रोलने भिजलेला प्लग गॅसपाशी नेऊ नका, तुमचा तर स्वयंपाकाचा ओटा. उन्हात किंवा पंख्याखाली वाळवा.

रायडर भाऊ, पंपावरून पाणी आलं असतं तर त्याच दिवशी त्याच पंपाच्या दहा गाड्या रस्त्यात उभ्या दिसल्या असत्या. नाकारत नाही, पण मला वाटतं पाणी आलं असेल तर ते घरापाशीच आलंय. ताई, पेट्रोल भरायचं झाकण सीट उघडल्यावर आत आहे ना? त्याच्या भोवतीच्या खळग्यात काय दिसतं तेही बघून लिहा.

परळची_अन्नपूर्णा

दुपारचे डबे गेल्यावर पुतण्याला घेऊन बसले. ऑइल स्वच्छ आहे, दुधाळ नाही. कॅप आतून कोरडी. प्लग ओला होता आणि वास अगदी नावाला. थेंब बोटावर घेतला, तो गोल होऊन तसाच बसला, मी फुंकर घातली तरी हलला फक्त, उडाला नाही. ठिणगी निळी आहे, पुतण्याने किक मारली तेव्हा चटचट ऐकू आली.

झाकण सीटखालीच आहे. भोवतीच्या खळग्यात गुलमोहराची बारीक पानं चिखलात मिसळून लगदा झालाय आणि त्यात अजून पाणी आहे. इतके दिवस पेट्रोल भरताना पंपावरचा मुलगाच सीट उघडतो, मी गाडीवरून उतरून पैसे काढत असते, तिथे कधी लक्षच गेलं नाही. आता काय करू?

पाना_पक्कड_भांडुप

सापडलं ताई. त्या खळग्याच्या तळाला एक भोक असतं, त्याला पाइप लावून तो खाली जमिनीकडे सोडलेला असतो. सांडलेलं पेट्रोल आणि पावसाचं पाणी तिकडून निघून जावं म्हणून. गुलमोहराची पानं तांदळापेक्षा थोडी मोठी, ती बरोबर त्या भोकात बसतात. भोक बुजलं की सीटच्या कडेने झिरपलेलं पाणी साचतं, झाकणाच्या वर चढतं, आणि झाकणाचं रबर जुनं, कडक झालेलं असलं की हळूहळू टाकीत उतरतं. एका रात्रीच्या पावसाला तेवढं पुरतं.

खात्री करून घ्या. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीला एक ड्रेन स्क्रू असतो, त्याला पातळ पाइप जोडलेला असतो. पाइपखाली काचेची बाटली धरा आणि स्क्रू सैल करा, पूर्ण काढू नका. बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा गढूळ थर बसला तर शंका उरत नाही.

यात एक गोष्ट नवीन आहे, ती समजून घ्या. आता पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात सामावून घेतं, पण पाणी जास्त झालं की ते आणि इथेनॉल मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाला बसतात. इंजिन तळाचंच ओढतं. आणि वरचं जे पेट्रोल उरतं त्यातलं इथेनॉल गेलेलं असतं, तेही मग धड राहत नाही. म्हणून पूर्वीसारखं खालचं पाणी काढून वरचं पेट्रोल वापरायचं करू नका. टाकी पूर्ण रिकामी करायची.

पण झाकण उघडण्याच्या आधी खळगा फडक्याने टिपून घ्या, नाहीतर उरलेलं पाणी आणि चिखलही आत जाईल. मग तळापर्यंत पोचेल असा पाइप घाला आणि हातपंपाने काढा. तोंडाने ओढू नका. लोखंडी डब्यात घ्या, गल्लीत कुणी बिडी-सिगारेट ओढत नाही ना, बघा, आणि ते गटारात ओतू नका. पावसात गटार तुंबलेलं असतं आणि पेट्रोल पाण्यावर तरंगत कुणाच्या दारापर्यंत जाईल सांगता येत नाही. कुठल्याही ओळखीच्या गॅरेजला द्या, पार्ट धुवायला वापरतात.

एवढं जमणार नसेल तर मेकॅनिककडे न्या आणि नेमकं सांगा : टाकी रिकामी करा, कार्ब्युरेटर खोलून जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकं, साफ करा, एअर फिल्टर ओला आहे का बघा. मी या कामाचे सात-आठशे घेतो. तुमच्याकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण साडेआठ हजार कुठूनही होत नाहीत.

परळची_अन्नपूर्णा

बाटलीत दोन थर दिसले. खाली दोन बोटं गढूळ, वर पिवळसर, मध्ये स्पष्ट रेघ. चाळीतली पोरं बघायला जमली होती, त्यांना लांब उभं केलं.

टाकी आणि कार्ब्युरेटर मी लालबागच्या एका मेकॅनिककडून करून घेतलं, तुम्ही लिहिलेलंच वाचून दाखवलं. त्यांनी काही वाद न घालता माझ्यासमोर केलं. खळग्याचा पाइप तारेने मोकळा केला तर पानांची गुंडाळीच बाहेर आली. ताजं पेट्रोल घातल्यावर बराच वेळ काही होईना, मी घाबरले होते. मग घेतलं गाडीने. थोडा पांढरा वाफेसारखा धूर आला, आता बंद झालाय. संध्याकाळचे डबे वेळेवर गेले. सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचेही.

एकच विचारायचं राहिलं. झाकणाचं रबर बोटाने दाबलं तर लाकडासारखं कडक लागतं. तेवढं रबर वेगळं मिळतं का, की पूर्ण झाकण घ्यावं लागेल? झाकण घेतलं तर किल्ली बदलेल का? आणि गुलमोहराखालची जागा काही सुटणार नाही, गल्लीत दुसरी जागाच नाही.

पाना_पक्कड_भांडुप

बराच वेळ लागला कारण तो कॉक. रिकाम्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल उतरायला इंजिन आधी थोडं फिरावं लागतं. पहिल्यांदा तसंच होतं, घाबरण्यासारखं काही नाही. सीटखालच्या झाकणाला बहुतेक किल्ली नसते, सीटचं लॉक तेच त्याचं लॉक, त्यामुळे झाकण बदललं तरी किल्लीचा प्रश्न येत नाही. पहिले काही दिवस सकाळी चालू करायच्या आधी ड्रेन स्क्रूमधून चमचाभर काढून बघा, कुठे पाणी राहिलं असेल तर तिथेच दिसेल.

रायडर_कुर्ला

ताई, रबर वेगळं मिळतं. कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत. नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, जुनं झाकण सोबत न्या आणि रबर त्यावर बसवूनच घ्या, थोडं लहान-मोठं असलं तरी परत झिरपणार. झाकण नेताना टाकीचं तोंड उघडं ठेवू नका, स्वच्छ प्लास्टिक घालून रबरबँड लावा आणि गाडी आडोशाला ठेवा. आणि ताडपत्रीऐवजी खालून बंद असलेलं, पट्ट्याने आवळायचं कव्हर घ्या. ते वाऱ्याने उडत नाही आणि पानंही आत जात नाहीत.