मदत हवी आहे: देशव्यापी ब्रॉडबँड जाळ्याचा खर्च करदात्यांनी उचलावा का?

लेखाजोखा (कर्वेनगर, पुणे)

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला एका विषयावर दोन्ही बाजूंनी बोलण्याचा परिपाठ आहे. पुढच्या महिन्याचा विषय ‘देशव्यापी ब्रॉडबँड जाळे करदात्यांच्या पैशातून उभारावे का’ असा ठरला असून ‘उभारावे’ ही बाजू माझ्या वाट्याला आली आहे. कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे पुस्तपालन शिकवल्यामुळे आकड्यांची मला धास्ती नाही. परंतु ज्या बाजूने बोलायचे ती आधी स्वतःला पटलेली असावी असा माझा आग्रह असतो, आणि ती अजून पुरती पटलेली नाही. म्हणून येथे विचारते आहे.

विरोधी बाजू मांडणारे गृहस्थ निवृत्त अभियंते आहेत आणि त्यांचे काम सोपे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची तार नेणाऱ्या राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी दिली, तेव्हा सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे २०,००० कोटी रुपये आणि दोन वर्षांची मुदत असा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या टप्प्यातील १ लाख ग्रामपंचायती पूर्ण होण्यास डिसेंबर २०१७ उजाडला. दरम्यान योजनेचे नाव भारतनेट झाले, मंजूर खर्च ४२,०६८ कोटींवर गेला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित कार्यक्रमासाठी १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. हे तीन आकडे फळ्यावर लिहून ते खाली बसले तरी त्यांचे भाषण झाले.

माझा पहिला प्रश्न मात्र या आकड्यांच्या आधीचा आहे. हा पैसा नेमका कोणाचा? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित सकल महसुलावर (ठरलेल्या वजावटी करून उरलेल्या उत्पन्नावर) ८ टक्के परवाना शुल्क आकारले जाते आणि त्या आठांपैकी ५ टक्के सार्वत्रिक सेवेसाठी, म्हणजे दुर्गम भागापर्यंतही सेवा पोहोचवण्यासाठी असतात. ती रक्कम आधी भारताच्या संचित निधीत (केंद्र सरकारच्या मुख्य तिजोरीत) जमा होते आणि संसदेने मंजूर केल्यावर सार्वत्रिक सेवा दायित्व निधीला मिळते, आणि भारतनेटचा खर्च त्याच निधीतून होतो. (२०२३ च्या दूरसंचार कायद्याने या निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले.) कंपनी हे शुल्क पदरचे भरते असे समजणे भाबडेपणाचे आहे, ते ग्राहकाच्या दरातच बसलेले असते. मी वहीत ढोबळ हिशेब मांडून पाहिला. ३०० रुपयांच्या रिचार्जमधून १८ टक्के वस्तू व सेवा कर वजा केल्यास सुमारे २५४ रुपये उरतात आणि त्याचे ५ टक्के म्हणजे साधारण पावणेतेरा रुपये. हे पावणेतेरा रुपये कर्वेनगरातील मी देते आणि भोर तालुक्यातील डोंगराकडेच्या गावात राहणारे माझे दीरही देतात. मग ‘करदाता’ म्हणजे प्राप्तिकर भरणारा शहरी माणूस आणि जाळे म्हणजे त्याने गावाला दिलेले दान, ही विषयातच दडलेली समजूत चुकीची ठरत नाही का? या हिशेबात काही तांत्रिक चूक असल्यास कृपया दाखवावी.

दुसरी अडचण दिरांच्या गावातच आहे. तेथील ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भारतनेटच्या यंत्रांची पेटी भिंतीवर आहे, छपरावर सौर पॅनेल आहे, आणि गेल्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात तार तुटल्यापासून त्या पेटीचा दिवा लागलेला नाही. ई-पीक पाहणीचा फोटो पाठवायला भाऊजी रेंज शोधत टेकाडावर चढतात. रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र अडले की बायका दुपारपर्यंत पायरीवर बसून राहतात. जाळे हवे हे यावरून सिद्ध होते, असे मी म्हणेन. सरकारने बांधलेले जाळे असेच पडून राहते हे यावरून सिद्ध होते, असे अभियंता महाशय म्हणतील. एकच पेटी दोघांच्याही कामाची आहे, आणि नेमकी तेथेच माझी गाडी अडते.

एस.टी.चा दाखला द्यावा असा विचार आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली, आणि पुढे जेथे तिकिटातून डिझेलही सुटत नाही अशा वाड्यांपर्यंत ती गेली, कारण ती सार्वजनिक होती. हा दाखला टिकेल का?

---

खांबावरचा

ताई, मी पुण्यातच अठरा वर्षे केबल आणि आता फायबरचा धंदा करतो, तेव्हा खासगी माणूस तुमच्या दिरांच्या गावी का जात नाही एवढेच सांगू शकतो. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीवर मी तार नेली की खाली चाळीस घरे मिळतात. भोरच्या पश्चिमेला तीच तार चार किलोमीटर ओढली तर एका वाडीत दहा-बारा घरे मिळतील, आणि त्यातील निम्मी कुटुंबे पुण्या-मुंबईत असतील. खोदाई, परवानगी, खांब आणि पावसात कोसळणारी दरड यांचा खर्च मात्र घरांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही.

‘मोबाईलवर स्वस्त डेटा मिळतो, मग फायबर कशाला’ हा प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल. त्याचे उत्तर असे द्या, की टॉवरपासून फोनपर्यंत डेटा हवेतून येतो, पण टॉवरच्या मागे काय आहे त्यावर वेग ठरतो. मागे फायबर नसेल तर संध्याकाळी सारे गाव एकदम फोन उघडून बसते तेव्हा तोच टॉवर दमतो. पंचायतीपर्यंत गेलेल्या फायबरमधील मोकळे धागे कंपन्यांना भाड्याने देता येतात, त्यामुळे हा खर्च मोबाईलच्याही उपयोगी पडतो.

पेटी बंद का पडली, याचे कारण बहुधा रचनेत आहे. सुरुवातीला तालुक्याच्या ठिकाणापासून पंचायतींकडे एकेरी रांगेत तार टाकली गेली. वाटेत जेसीबीने एक घाव घातला की पुढचे सगळे अंधारात. सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणी धरलेली आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते, आणि दहा वर्षांच्या देखभालीचाही खर्च त्यात धरला आहे. रक्कम फुगली आहे ती काही अंशी यामुळे. आमच्या धंद्यात तार टाकणारा ठेकेदार बिल घेऊन निघून जातो आणि रात्री अकरा वाजता शिडी घेऊन स्प्लायसिंगला (तुटलेली तार जोडायला) जातो तो वेगळाच माणूस असतो. सरकारी कागदावर इतकी वर्षे या दुसऱ्या माणसाचा पगारच नव्हता, असे मला वाटते.

---

उलटतपासणी

मी विरुद्ध बाजूचा आहे, म्हणून कदाचित अधिक उपयोगी पडेन. एस.टी.चा दाखला आपण देऊ नये. गाडी आली नाही तर फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला ते त्याच दिवशी कळते आणि तो आगारात जाऊन भांडतो. पंचायतीतील पेटी वर्षभर बंद असली तरी कागदोपत्री ती ‘जोडलेली’ असते. आपल्या प्रतिपक्षाने हा भेद दाखवला तर आपली पंचाईत होईल.

त्याऐवजी २०२१ ची घटना सांगावी. १६ राज्यांतील काम खासगी भागीदारीतून करण्यासाठी खर्च आणि कमाई यांतील तफावत भरून काढायला केंद्राने १९,०४१ कोटी रुपये देण्याची तयारी दाखवली होती, तरीही एकही बोली आली नाही आणि तो मार्ग सोडावा लागला. ‘बाजारावर सोपवा’ या आमच्या बाजूच्या युक्तिवादाला यापेक्षा अवघड उत्तर मला माहीत नाही.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण दोन्ही बाजूंनी दिले जाते, म्हणून जपून वापरावे. तेथे एप्रिल २००९ मध्ये ४३ अब्ज डॉलरचे राष्ट्रीय जाळे जाहीर झाले. सरकारी कंपनीने घाऊक सेवा द्यावी आणि घरोघरची विक्री खासगी कंपन्यांनी करावी, अशी त्याची रचना आहे. २०१३ मध्ये सत्ता बदलली आणि घरापर्यंत फायबर नेण्याऐवजी अनेक ठिकाणी जुन्याच तांब्याच्या तारा वापरण्याचे ठरले. डिसेंबर २०२० मध्ये जाळे पूर्ण झाल्याचे जाहीर झाले खरे, पण त्याच वर्षी त्यातल्या बऱ्याच घरांना पुन्हा फायबर देण्याची योजनाही आली. खर्च सरकारने केला म्हणून हे बिघडले की अर्ध्यावर हात आखडला म्हणून, यावर तेथेही एकमत नाही. माझे स्वतःचे मत विचाराल तर दुसरे कारण खरे आहे, आणि ते माझ्या बाजूला गैरसोयीचे आहे.

आपला पावणेतेरा रुपयांचा हिशेब ढोबळ म्हणून चालेल. मात्र समायोजित महसुलातून काही वजावटी होतात, तेव्हा ‘सुमारे’ हा शब्द सोडू नका. आणि गावकऱ्यानेही शुल्क भरले आहे, असे म्हटले की पुढचे वाक्य आपोआप येते, की त्याला त्याचा हिशेबही मिळाला पाहिजे. ते वाक्य आपणच आधी उच्चारावे, आमच्यासाठी ठेवू नये.

---

लेखाजोखा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एस.टी. काढून टाकली. (वाईट वाटले, कारण वडील वाहक होते.) आता मांडणी अशी करते आहे, की जाळ्याचा पैसा शहर व गाव दोघेही रिचार्जमधून आधीच देत आहेत, म्हणून ‘द्यावा का’ हा प्रश्न मागे पडला आहे, उरलेला प्रश्न त्या पैशातून किती किलोमीटर तार पडली हा नसून, किती पंचायतींत महिन्याचे किती तास जोडणी चालू होती, हा आहे. तार टाकणे ही भांडवली (एकदाच्या उभारणीच्या खर्चाची) बाब आणि ती चालू ठेवणे ही महसुली (नेहमीच्या चालू खर्चाची) बाब, आणि पहिली दाखवून दुसरी झाकता येऊ नये. हे मी अकरावीच्या मुलांना फळ्यावर शिकवले आहे, तेव्हा संघात सांगताना अडखळणार नाही.

‘खांबावरचा’ यांना एकच विचारायचे आहे. ग्रामपंचायतीतील यंत्र किती वेळ चालू होते याची नोंद तालुक्याच्या ठिकाणी आपोआप होत असते का, आणि होत असल्यास माहिती अधिकाराच्या अर्जात ती नेमक्या कोणत्या शब्दांत मागावी? भाऊजी अर्ज करायला तयार आहेत. सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आहे, पण अर्ज त्याच्या आधी गेला तर बरे.