गिनरिन कोईला मराठीत काय म्हणावं?

सांगलीत विश्रामबागेत एका परिचितांच्या अंगणात छोटं तळं आहे. परवा तिथे एक कोई, म्हणजे शोभेचा जपानी मासा, पाहिला. पांढऱ्या अंगावर लाल पट्टे आणि पाठीवरचा एकेक खवला वेगळा चमकत होता. "हा गिनरिन," ते म्हणाले. मला 'चकाकत्या खवल्यांचा' सुचलं, पण शेजारचा पिवळाधमक मासाही चकाकतच होता की! त्याची चमक वेगळी होती एवढं नक्की. नेमका शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १
फरक तुम्ही बरोबर टिपलात. तो पिवळा बहुधा यामाबुकी ओगोन जातीचा कोई असावा. ओगोनचं अख्खं अंग एकसारखं चमकतं, चिंचेनं घासलेल्या पितळी तांब्यासारखं. ही तकाकी. गिनरिनची चमक सुट्या सुट्या खवल्यांत असते. मासा जरा वळला की एक खवला विझतो, दुसरा पेटतो. ही चमचम. मराठीनं हा भेद आधीच करून ठेवलाय. वांगं तुकतुकीत असतं, नवे बूट तकतकतात, चांदण्या चमचमतात. वांगं चमचमतं असं कुणी म्हणत नाही.

ओळखायची खूण म्हणजे डोकं. तिथे खवले नसतात, त्यामुळे गिनरिन कोहाकूचं (तुम्ही पाहिलेल्या लाल-पांढऱ्या जातीचं) डोकं साधंच दिसतं. ओगोनचं डोकंही झळाळतं. दोन्ही गुण एकाच माशात असू शकतात, तेव्हा मात्र पाठ नीट बघावी लागते.

प्रतिसाद २
मूळ शब्द किन-गिन-रिन. किन म्हणजे सोनं, गिन चांदी, रिन खवला. लाल रंगावरचा खवला सोनेरी दिसतो, पांढऱ्या-काळ्यावरचा रुपेरी. म्हणून नुसतं 'रुपेरी' म्हटलं तर अर्धा मासा सुटतो. शिवाय गिनरिन ही वेगळी जात नाही, ते विशेषण आहे: गिनरिन कोहाकू, गिनरिन शोवा (काळा-लाल-पांढरा). आपला शब्दही तसाच नावाआधी बसला पाहिजे.

'जरीचा' म्हणावंसं वाटतं, पण तिथे अडचण आहे. या माशांचं जपानी नाव निशिकिगोई, आणि निशिकि म्हणजे किनखाब. सगळं कूळच जरीचं म्हटल्यावर यालाच वेगळं जरीचा कसं म्हणणार? मी 'टिकलीदार' म्हणेन. पोलक्यावर टिकल्या शिवतात ना, हुबेहूब तसं दिसतं.

प्रतिसाद ३
टिकलीदार आवडला! पोटभेदांनाही आपले शब्द चालतील. खवल्याच्या फक्त कडेला चमक असेल तर 'काठाचा', मधोमध फुगीर ठिपका असेल तर 'मोत्याचा', फुटक्या काचेसारखी लखलख असेल तर 'हिरकणी'. जपानीतही मोती आणि हिरा याच उपमा आहेत. ही चमक रंगाची नाही. खवल्यातल्या ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या बारीक स्फटिकांवरून उजेड परततो, म्हणून ती कोन बदलला की बदलते. कृष्णेत जाळ्यात येणारा सिप्रनस (कॉमन कार्प मासा) याचाच भाऊबंद, पण त्याच्या अंगावर हे लेणं नाही.

मूळ प्रश्नकर्ती
आज सकाळी कोवळ्या उन्हात पुन्हा जाऊन आले. डोकं खरंच साधं! लालावरचे खवले सोनेरी, पांढऱ्यावरचे रुपेरी. तिथल्या एका पिल्लाच्या पाठीवर मात्र दोनच खवले चमचमतात. तेही टिकलीदारच ना?

प्रतिसाद १
नाही ताई. दोन टिकल्या शिवल्या म्हणून पोलकं टिकल्यांचं होत नाही. खांद्यापासून शेपटाकडे, पाठीच्या दोन्ही अंगांना ओळी लागल्या पाहिजेत.