बिडाच्या तव्यावरचा स्टेक : बटर नेमके केव्हा घालावे?

टोरांटोकर

नमस्कार. तव्यावर भाजून, वरून वितळलेले बटर चमच्याने ओतत शिजवलेला स्टेक घरी करण्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. माझ्याकडे बिडाचा जड तवा आहे, शेगडी विजेवरची, काचेच्या पृष्ठभागाची आहे आणि इथल्या दुकानांत हाड नसलेला रिबआय (बरगडीजवळच्या मांसाचा काप) साधारण एक इंच जाडीचा, पाकीटबंद मिळतो. तवा कडकडीत तापवून त्यात बटर घातले की ते पाहता पाहता काळे पडते आणि धुराचा अलार्म वाजू लागतो. आच मंद ठेवली तर मांसाला पाणी सुटते, ते त्या पाण्यातच शिजते आणि रंग करडा येतो. कापल्यावर मधोमध गुलाबी पट्टी अगदी अरुंद दिसते व तिच्या दोन्ही अंगांना जाड करडा थर असतो. उपाहारगृहात हेच बटर सोनेरी कसे राहते? बटरऐवजी तूप वापरावे का? आणि आतून किती शिजले ते बोटाने दाबून ओळखावे असे सांगतात, ते कितपत भरवशाचे आहे?

खरपूस

भाजण्याचे काम तेलाकडे सोपवा आणि बटर शेवटच्या दीड-दोन मिनिटांसाठी राखून ठेवा. आपल्या बहुतेक अडचणी एवढ्याने सुटतील.

बटरमध्ये सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, १५-१६ टक्के पाणी असते आणि उरलेला अंश दुधातील प्रथिने व शर्करा यांचा असतो. लोणी कढवताना तळाशी जी बेरी जमते ती याच अंशाची, आणि पातेले दोन मिनिटे जास्त राहिले तर ती कशी करपते हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. हा अंश साधारण १५० अंश सेल्सिअसच्या पुढे झपाट्याने काळवंडतो, तर स्टेक टाकताना तवा २०० अंशांच्या बराच वर असावा लागतो. एकाच वेळी दोन्ही साधणे शक्य नाही, म्हणून क्रम लावावा लागतो : आधी शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे रिफाइंड तेल चमचाभर घालून दोन्ही बाजू भाजायच्या, मग आच मध्यमाच्या खाली आणून, तवा अर्धा मिनिट निवू देऊन बटर घालायचे.

पाणी सुटण्याचे कारण मात्र आचेइतकेच ओलाव्यात आहे. फ्रीजमधल्या गारव्यापासून एक ग्रॅम पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण ४०० ज्यूल पुरतात, पण त्याची वाफ करायला सुमारे २२६० ज्यूल लागतात; मांसाचा पृष्ठभाग ओला असेल तोवर तव्याची सारी उष्णता त्या वाफेत खर्च होते आणि पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जातच नाही. ज्या क्रियेमुळे खरपूस रंग आणि वास येतो, जिचे वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ मध्ये केले, ती तर १४० अंशांच्या आसपास जोर धरते. म्हणून मांस टिपकागदाने कोरडे करा, आणि जमल्यास आदल्या रात्री मीठ लावून, जाळीवर, उघडेच फ्रीजमध्ये ठेवा. तेवढा वेळ नसेल तर मीठ तव्यावर टाकण्याच्या क्षणी लावा, किंवा किमान पाऊण तास आधी. लावून दहा-पंधरा मिनिटांनी भाजणे सर्वांत वाईट, कारण मिठाने ओढलेले पाणी तोवर बाहेर आलेले असते आणि पुन्हा आत मुरलेले नसते.

करडा थर जाड होतो तो काप पातळ असल्यामुळे आणि एक बाजू बराच वेळ खाली राहिल्यामुळे. खाटकाकडून दीड इंच जाडीचा काप करून घ्या आणि दर अर्ध्या-एक मिनिटाने उलटत राहा. वर आलेली बाजू तेवढ्यात थोडी निवते, त्यामुळे उष्णता आत हळूहळू आणि सारखी पोहोचते. एकदाच उलटावे हा दंडक मला तरी निराधार वाटतो. कडेची चरबी वितळावी म्हणून चिमट्याने काप उभा धरून ती बाजूही तव्याला टेकवा.

आता बटर. दोन-अडीच चमचे बिनमिठाचे बटर, सालासकट ठेचलेल्या दोन-तीन लसूणपाकळ्या आणि थाइम या सुवासिक वनस्पतीच्या काड्या एकदमच घाला. हातमोजा घालून मूठ धरा, तवा आपल्याकडे कलता करा (काचेच्या शेगडीवर तो ओढू किंवा आपटू नका), म्हणजे खालच्या कडेला बटरचे डबके साचेल. मोठ्या चमच्याने ते उचलून भरभर मांसावर, विशेषतः जिथे रंग कमी आला आहे तिथे, ओतत राहा. फेस बारीक आणि पांढुरका असेतो बटरमधले पाणी उडते आहे असे समजा. फेस बसू लागला, तळाशी बदामी कण दिसू लागले आणि खमंग वास सुटला की काम संपत आले. लसूण तपकिरी होऊ लागली तर ती मांसाच्या पाठीवर ठेवा, म्हणजे करपणार नाही. बटर मांसाच्या आत शिरत नाही. ते वरच्या बाजूला उष्णता देते, तवा जिथे टेकत नाही त्या खळग्यांना रंग देते आणि बाहेरून चव देते.

साजूक

एवढा खटाटोप कशाला? थोडे तेल आणि बटर सुरुवातीलाच एकत्र घातले तर बटर करपत नाही, असे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. नाहीतर सरळ साजूक तुपात भाजावे. आणि सुरुवातीची आच मोठी हवी ती मुख्यतः मांसाचा रस आत कोंडून राहावा म्हणून, हेही सांगायला हवे.

मोजूनमापून

साजूक ताई, तुपाचा मुद्दा अर्धा मान्य आहे. बेरी गाळून टाकलेली असल्यामुळे ते २५० अंशांच्या आसपासपर्यंत धुरावत नाही, म्हणून भाजायला उत्तमच; परंतु ज्या बदामी कणांसाठी बटर वापरायचे ते कणच त्यात नसतात. तेल मिसळल्याने दुधाचा अंश नाहीसा होत नाही, फक्त विरळ होतो, आणि त्याच तापमानाला करपतो. रस कोंडण्याची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख याने १८४७ मध्ये मांडली आणि ती पुढे चुकीची ठरली : भाजून झाल्यावरही मांस चुरचुरत राहते, तो आवाज बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो.

टोरांटोकर, बोटाने दाबून पाहणे रोज एकाच प्रकारचे शेकडो काप करणाऱ्याला जमते. घरी प्रत्येक काप वेगळा असल्यामुळे तापमापी घ्या आणि तिची सुई कापाच्या बाजूने, आडवी, मध्यापर्यंत खुपसा. मीडियम रेअर, म्हणजे मधोमध गुलाबी राहील इतपत शिजलेला स्टेक, हवा असेल तर आत ५४ ते ५७ अंश. तव्यावरून काढल्यानंतरही जाड कापाचे तापमान तीन-चार अंश वाढते, म्हणून ५१-५२ ला उतरवा आणि जाळीवर पाच-सात मिनिटे ठेवा. फॉइलने घट्ट झाकलेत तर वरचा थर वाफेने मऊ पडतो. ताटलीत उतरणारे लाल पाणी रक्त नसते, त्याचा रंग स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा असतो.

एक गोष्ट तातडीने पाहा. यंत्राच्या सुयांनी टोचून मऊ केलेल्या मांसाच्या पाकिटावर तसे छापणे कॅनडात २०१४ पासून सक्तीचे आहे. अखंड कापावरचे जंतू पृष्ठभागावरच राहतात आणि भाजताना मरतात, पण सुया ते आत नेतात. तसे मांस ६३ अंशांपर्यंत शिजवलेच पाहिजे.

पुणेरी अंडरकट

इकडचा अनुभव थोडा निराळा आहे म्हणून लिहितो. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानंतर बैलाचे मांसही बंद झाले, त्यामुळे इथे स्टेक म्हणजे म्हशीचा, आणि त्यासाठी खाटकाकडे ‘अंडरकट’ (पाठीच्या कण्याखालचे मऊ मांस) मागावे लागते. या मांसात चरबीची जाळी जवळजवळ नसते, म्हणून वरून ओतलेल्या बटरचा उपयोग इथे रिबआयपेक्षा जास्त जाणवतो. मांस त्याच दिवशी कापलेले असते. दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवल्याखेरीज ते चिवट लागते. बाजारातले नेहमीचे पिवळे बटर खारट असते, तेव्हा मीठ निम्मे करावे. मी ६३ अंशांच्या खाली उतरवत नाही, आणि खाण्यापूर्वी तंतूंना आडवे, पातळ काप करतो.

टोरांटोकर

सर्वांचे आभार. पाकीट पुन्हा पाहिले. त्यावर सुयांनी टोचल्याची सूचना बारीक अक्षरांत आहे. मग हे मांस ६३ अंशांपर्यंत नेताना बटर केव्हा घालावे?

खरपूस

भाजून झाल्यावर लगेच घातले तर ते फार वेळ तव्यात राहील. आच मध्यम करून, दर अर्ध्या मिनिटाला उलटत, आतले तापमान ५२-५३ अंश होऊ द्या. मग तव्यातले जुने, धुरावलेले तेल ओतून टाका आणि बटर घाला. उरलेले दहा अंश त्या फेसातच पूर्ण होतील. तापमान दोन-तीन ठिकाणी तपासा, आणि पुढच्या वेळी न टोचलेला, जाड काप मागून घ्या.