नॉर्मन प्रिचर्डची १९०० ची दोनशे मीटर शर्यत : ते रौप्य आपलं म्हणायचं की नाही?

धावपट्टी (धागाकर्ता)

मनू भाकरने २०२४ मध्ये पॅरिसला दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा जवळपास प्रत्येक बातमीत एक शेपूट होतं : 'स्वातंत्र्यानंतर' एकाच ऑलिंपिकमध्ये दोन पदकं मिळवणारी पहिली भारतीय. नीरज चोप्राच्या टोकियोतल्या सुवर्णानंतरही अ‍ॅथलेटिक्सच्या बाबतीत हेच शेपूट लावावं लागलं. हे सगळं एका माणसामुळे. नॉर्मन गिल्बर्ट प्रिचर्ड, जन्म कलकत्त्याचा, शिक्षण तिथल्याच सेंट झेवियर्समध्ये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २२ जुलै १९००, पॅरिस, बुआ द बुलोन्यमधलं रेसिंग क्लबचं मैदान. ऑलिंपिकमध्ये २०० मीटर पहिल्यांदाच होत होती, १८९६ ला अथेन्समध्ये ती नव्हती. अंतिम फेरीत चौघंच. अमेरिकेचा वॉल्टर ट्यूक्सबरी २२.२ सेकंदांत पहिला, प्रिचर्ड दुसरा (नोंदीत २२.८), ऑस्ट्रेलियाचा स्टॅन रौली तिसरा, अमेरिकेचा विल्यम हॉलंड चौथा. त्याच्या काही दिवस आधी २०० मीटर अडथळ्यांतही प्रिचर्ड दुसराच आला होता. तिथे त्याच्या पुढे अमेरिकेचाच आल्विन क्रेन्झलीन आणि मागे हाच ट्यूक्सबरी.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती ही दोन्ही रौप्यपदकं भारताच्या नावावर दाखवते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स महासंघाने मात्र २००५ मध्ये काढलेल्या आकडेवारीत प्रिचर्डला ग्रेट ब्रिटनच्या रकान्यात टाकलं. वाद तेव्हापासून पेटलाय.

माझं मत स्पष्ट आहे. पदक भारताचंच. आणि पदकं मोजताना ती दोन धरायची, पण कौतुकाची वेळ आली की 'स्वतंत्र भारत' म्हणून प्रिचर्डला बाजूला सारायचं, ही आपली सोयीस्कर पद्धत मला पटत नाही.

अण्णा७१

साहेब, जन्म कलकत्त्यात झाला एवढ्यावर माणूस भारतीय? आईवडील इंग्रज. १९०५ मध्ये इंग्लंडला गेला तो गेलाच. पुढे अमेरिकेत नॉर्मन ट्रेव्हर नावाने नाटकं आणि मूकपट केले, १९२९ मध्ये लॉस एंजेलिसला वारला.

उलटं उदाहरण घ्या. रणजितसिंहजी जन्माने काठेवाडचे, राजघराण्यातले. १८९६ मध्ये मँचेस्टरला इंग्लंडकडून खेळले आणि पहिल्याच कसोटीत नाबाद १५४ केल्या. त्या धावा भारताच्या खात्यात मांडा असं आजवर कुणी म्हटलंय? त्यांच्या नावाने करंडक आपण दिला, धावा इंग्लंडच्याच राहिल्या. मग इंग्रज आईबापांच्या मुलाला मात्र भारतीय कसं ठरवता?

धावपट्टी

अण्णा, रणजींना इंग्लंडच्या संघात निवडलं होतं. समोर ऑस्ट्रेलियाचा संघ होता, टोपी इंग्लंडची होती. पॅरिसला १९०० मध्ये असलं काही नव्हतंच. जागतिक प्रदर्शनाच्या गर्दीत शर्यती लावलेल्या, बऱ्याच खेळाडूंना आपण ऑलिंपिकमध्ये धावतोय हेसुद्धा ठाऊक नव्हतं. देशोदेशीच्या ऑलिंपिक समित्यांनी प्रवेशिका पाठवायची शिस्त नंतरची.

आणि 'गेला तो गेलाच' म्हणता, पण पॅरिसनंतर तो कलकत्त्याला परतला हे का गाळता? १९०० ते १९०२ इंडियन फुटबॉल असोसिएशनचा सचिव होता. १८९४ पासून सलग सात वर्षं बंगालची १०० यार्ड शर्यत त्याने जिंकली. पाय तयार झाले ते कलकत्त्याच्या मैदानात.

विद्या_कराड

मी साताऱ्याकडची, त्यामुळे माझं मत कुठे झुकणार हे सांगायला नको. पण भावनेपलीकडचं बोलते.

२३ जुलै १९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य घेतलं. 'भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' म्हणून आम्ही लहानपणापासून तेच ऐकलं. आता कुणीतरी येतं आणि शहाणपणाने 'स्वतंत्र भारताचं म्हणा' अशी दुरुस्ती करतं. मला या दुरुस्तीत खोट दिसते. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार दिले, बाकी वर्गणी गोळा झाली. ते पदक देशातल्या माणसांनी पाठवलेल्या माणसाचं होतं. प्रिचर्डला भारतातून पाठवलं कुणी? इंडियन ऑलिंपिक असोसिएशनच १९२७ ची.

माझ्या दृष्टीने देशाचं पदक म्हणजे देशाने (किंवा देशातल्या लोकांनी) पाठवलेल्याचं पदक. जन्मदाखल्यावर ते ठरत नाही.

बेळगावी

विद्याताई, याच न्यायाने खरी सुरुवात १९२० धरली पाहिजे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत दोराबजी टाटांनी खेड्यातली पोरं अनवाणी पळताना पाहिली आणि अँटवर्पला संघ पाठवायचं मनावर घेतलं. त्या संघात आमच्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, १९ वे आले. सदाशिव दातारही होते. पैलवान नवले आणि शिंदे पण होते, त्यातले शिंदे पदकापासून एका कुस्तीवर राहिले. पूर्मा बॅनर्जी १०० आणि ४०० मीटर धावले.

ही माणसं पदकाशिवाय आली म्हणून आपल्या स्मरणात नाहीत, आणि प्रिचर्ड रौप्यामुळे आहे. १९०० ला तो चौथा आला असता तर हा धागा निघाला असता का?

धावपट्टी

निघाला नसता, मान्य. पण मिल्खा सिंग १९६० ला चौथे, पी. टी. उषा १९८४ ला एक शतांश सेकंदाने चौथी, आणि त्यांच्यावर आपण आजही हळहळतो. चौथ्यांना आपण विसरतो हे काही खरं नाही.

मूळ मुद्द्यावर येऊ. त्याच शर्यतीतल्या तिसऱ्या माणसाकडे बघा. स्टॅन रौली न्यू साउथ वेल्सचा. जुलै १९०० मध्ये ऑस्ट्रेलिया नावाचा देश नव्हता, वसाहतींचा संघ झाला १ जानेवारी १९०१ ला. तरी रौलीची ६०, १०० आणि २०० मीटरची तिन्ही कांस्यं बिनतक्रार ऑस्ट्रेलियाच्या खात्यात आहेत. वरून गंमत म्हणजे त्याच पॅरिसमध्ये ५००० मीटर सांघिक शर्यतीत ब्रिटिशांना पाचवा माणूस कमी पडला म्हणून रौलीला घेतलं. धावपटू अल्पांतराचा, पाच किलोमीटर काय झेपणार! बाकीचे केव्हाच पोचले, हा चालतोय. शेवटी पंचांनीच त्याला पुरे म्हणून सांगितलं, आणि संघ जिंकला.

म्हणजे एकाच आठवड्यात हा माणूस ब्रिटिशांबरोबरही धावला आणि तरी ऑस्ट्रेलियाचा राहिला. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला वेगळा न्याय कशासाठी?

निलिमा_स

हा मुद्दा वजनदार आहे, पण त्यात एक फट आहे. रौलीवर हक्क सांगणारे ऑस्ट्रेलियन त्याच्याच समाजाचे वारस आहेत. त्या वसाहतीतले गोरे पुढे देश झाले. कलकत्त्यात तसं झालं का? प्रिचर्ड ज्या वर्तुळात वावरत होता त्या वर्तुळातले बरेच क्लब भारतीयांना आत घेत नव्हते.

प्रिचर्डचं कौतुक करताना हमखास सांगतात की भारतात खुल्या स्पर्धेतली पहिली फुटबॉल हॅटट्रिक त्याची, १८९७ ची. कुणाविरुद्ध केली ते पण सांगा. शोभाबाजार क्लबविरुद्ध. हा तोच शोभाबाजार ज्याने १८९२ मध्ये ट्रेड्स कपमध्ये ईस्ट सरे रेजिमेंटच्या गोऱ्या सोजिरांना हरवलं होतं आणि सगळं कलकत्ता नाचलं होतं. हॅटट्रिकच्या दिवशी मैदानाबाहेर उभा असलेला बंगाली माणूस प्रिचर्डला 'आपला' म्हणाला असेल असं वाटतं का तुम्हाला?

तो धावपटू म्हणून मोठा होताच. क्रेन्झलीनने पॅरिसला चार सुवर्णं नेली, त्याच्यामागे दुसरा येणं खेळ नव्हे. पण मोठा असणं आणि आपला असणं वेगळं.

मैदानातला

मी शाळेत मुलांना धावायला शिकवतो, म्हणून शर्यतीबद्दलच दोन शब्द. सगळे आकड्यांवर असे भांडतायत जणू फोटो फिनिश समोर आहे. तिथे कोळशाची पट्टीसुद्धा नव्हती, गवतावर धावले, जमीन उंचसखल. मैदानात झाडं इतकी की थाळीफेकवाल्यांच्या थाळ्या त्यात जायच्या. हातातली घड्याळं. त्या काळी पहिल्याची वेळ घ्यायचे आणि मागच्यांची बहुतेकदा अंतरावरून अंदाजाने लावायचे. तेव्हा २२.८ हा आकडा देव्हाऱ्यात ठेवू नका.

शिवाय रौप्य, कांस्य हे नंतरचं लेबल. सुवर्ण-रौप्य-कांस्य ही पद्धत १९०४ ला सेंट लुईसमध्ये आली. प्रिचर्ड दुसरा आला, बस. गवतावर, रविवारी, चौघांच्या शर्यतीत दुसरा. माझ्या पोरांना मी एवढंच सांगतो आणि त्यांना ते पुरतं.

अण्णा७१

मास्तर, पोरांना पुरतं पण तक्त्याला पुरत नाही. तक्त्यात काहीतरी एक लिहावंच लागतं. पॅरिस २०२४ धरून भारताची एकूण पदकं ४१ सांगतात, त्यात ही दोन आहेत. काढली तर ३९, आणि रौप्य १० ची ८. हा फरक लहान नाही.

निलिमाताईंच्या मुद्द्याला जोड देतो. पॅरिसच्या आधी प्रिचर्ड लंडनमध्ये इंग्लंडच्या हौशी अ‍ॅथलेटिक संघटनेच्या स्पर्धेत धावला, १२० यार्ड अडथळ्यांत क्रेन्झलीनच्याच मागे दुसरा. ब्रिटिश इतिहासकारांचं म्हणणं हेच की पॅरिसला तो ब्रिटिश चमूतून गेला.

आणि वसाहतीचा न्याय हवा असेल तर कोरियाचा सोन की-चुंग बघा. १९३६ ला बर्लिनमध्ये मॅरेथॉन जिंकली. माणूस हाडाचा कोरियन, मनाविरुद्ध जपानी झेंड्याखाली उभा राहिला. पदक आजही जपानच्या नावावर आहे. ज्याचं मन देशासाठी जळत होतं त्याचं पदक देशाला मिळालं नाही, आणि ज्याला तुमच्या स्वातंत्र्याशी देणंघेणं नव्हतं त्याचं आपण धरून बसलोय.

विद्या_कराड

अण्णा, सोनचं उदाहरण अंगावर आलं. मी तर म्हणते दोन्ही रौप्यं ब्रिटनला देऊन टाका. आपलं काय जातंय? शून्यातून सुरू केलं हे सांगायला लाज कसली?

धावपट्टी

विद्याताई, देऊन टाकायला ती आपण मागून घेतलेली नाहीत. समितीने स्वतःच भारताच्या रकान्यात ठेवलीत.

अण्णा, सोनला जपानने निवडलं, जपानी नावाने नोंदवलं, जपानी गणवेश घातला. प्रिचर्डबाबत तुम्ही म्हणता 'ब्रिटिश चमू', पण लंडनच्या स्पर्धेत धावणं म्हणजे निवड नव्हे. क्रेन्झलीन पण तिथे धावला आणि जिंकला. मग त्यालाही ब्रिटिश म्हणायचं का? इंग्लंडची ती स्पर्धा बाहेरच्यांनाही खुली होती.

निलिमाताईंचा शोभाबाजारचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. तो माणूस मनाने आपला नव्हता हे धरून चालतो. तरीही तक्ता मनं मोजत नाही. धावपटू कुठून आला हे मोजतो, आणि १९०० च्या उन्हाळ्यात तो कलकत्त्याहून आला होता, कलकत्त्याला परतला.

निलिमा_स

'कुठून आला' यावर ठरवायचं तर दार फार उघडं पडतं. कलकत्त्याहून सुट्टीवर आलेला एखादा कर्नल पॅरिसला नेमबाजीत उतरला असता तर तोही भारताचा?

धावपट्टी

कलकत्त्यात जन्मला, तिथेच शिकला, तिथेच सात वर्षं शर्यती जिंकला असेल तर हो. नुसता बदलीवर आला असेल तर नाही.

बेळगावी

आता हे रेशनकार्डाचे नियम झाले. मी फडेप्पांवर वेगळा धागा काढतोय, ज्यांना यायचं त्यांनी तिकडे या.

अण्णा७१

येतो. पण धावपट्टी, दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो. भारताच्या वतीने नाव नोंदवल्याचा १९०० चा एक कागद दाखवा, मी ४१ मानतो.

धावपट्टी

ब्रिटनच्या वतीने नोंदवल्याचा तुम्ही दाखवा, मी ३९ मानतो.