हात वर आणि रॅकेटही हलली: पॉइंट द्यायचा की लेट?

लक्ष्मीपुरी हार्डवेअर
मंडळी, रविवारी आमच्या हॉलवर आपापसातल्या बॅडमिंटन डबल्सच्या मॅचेस होत्या. माझा गुडघा दुखतोय म्हणून मला खुर्चीवर बसवलं, पंच म्हणून पात्रता एवढीच. तिसऱ्या गेमला १९-१९. रिसिव्हरनं, म्हणजे सर्व्हिस घेणाऱ्यानं, थांब म्हणून डावा हात वर केला, तोवर समोरच्याची फ्लिक, म्हणजे डोक्यावरून मागं जाणारी सर्व्हिस, सुटलेली. ह्यानं रॅकेट वर नेली, अर्ध्यात सोडून दिली. शटल मागच्या रेषेच्या आत पडलं. मग काय, अख्खा हॉल पंच!

नियमांचं पुस्तक मोबाईलवर काढलं तर दोन्ही पार्ट्या बरोबर. रिसिव्हर तयार नसताना सर्व्हिस करायची नाही. आणि लगेच पुढं, त्यानं परतवायचा प्रयत्न केला तर तो तयार होता असंच धरायचं. आता हा प्रयत्न धरायचा कुठनं? तोंडावर काही आलं की हात जातोच की. मी लेट दिला, म्हणजे तो पॉइंट परत खेळायला लावला. अजून दोघं माझ्याशी बोलत नाहीत.

त्या नादात पुढं वाचत गेलो आणि डोकं आणखी फिरलं. शटल रेषेवर पडलं तर आत, पण सर्व्हिस करताना पाय रेषेला लागला की फॉल्ट, म्हणजे पॉइंट समोरच्याला. शटल जाळीच्या माथ्यावर अडकून बसलं तर सर्व्हिसला फॉल्ट, रॅलीत लेट. एकच जाळी, एकच शटल, न्याय दोन?

ताराबाई पार्क डबल्स
दादा, लेट बरोबर दिलात असं माझं मत. रॅकेट शटलच्या दिशेनं मारायला गेली असती तर हात वर असला तरी पॉइंट गेला असता. अर्ध्यात सोडली म्हणजे मारायचं नव्हतंच. पण हे मत झालं, पुस्तकात किती हललं म्हणजे प्रयत्न हे कुठंच नाही. दुसरा पंच उलटा निकाल देईल आणि तोही चुकीचा ठरणार नाही.

जाळीचं मात्र मला पटतं. सर्व्हिसला शटल तुमच्या हातात, घाई नाही, समोरून कुणी मारलेलं नाही. अडकवलं तर दोष तुमचाच. आणि रॅलीतही लेट कधी? माथ्यावर टांगलं किंवा पलीकडं जाऊन जाळीत अडकलं तरच. आपल्याच बाजूनं जाळीत रुतलं तर पॉइंट गेला.

पेठेतला स्मॅश
आमच्या हॉलला छताच्या लोखंडी कैच्या इतक्या खाली हायत की क्लिअर, म्हंजे पार मागं जाणारा उंच फटका, मारला की टण्ण! नियमानं छताला लागलं की फॉल्ट. म्हणून आमचे गडी क्लिअर मारायचंच विसरलेत, नुसतं सपाट ड्राइव्ह आन ड्राइव्ह. यावर कायतरी सांगा की राव.

ताराबाई पार्क डबल्स
इमारतच तशी असेल तर स्थानिक संघटनेला पोटनियम करता येतो, फक्त वरच्या संघटनेला तो रद्द करायचा अधिकार असतो. तुमच्या घरच्या मॅचेसना कोण विचारतंय? कैचीला लागलं की लेट, असं ठरवा. पण टॉसच्या आधी ठरवा, कुणाचा तरी पॉइंट गेल्यावर नको.

लक्ष्मीपुरी हार्डवेअर
जाळीचं निम्मं पटलं. रॅलीतही शटल मारणाऱ्यानंच अडकवलं की, मग त्याला माफी कशाला? असो. सर्व्हिसच्या उंचीचं काय करता तुम्ही? आमच्यात अजून कंबर, कंबर म्हणून ओरडतात.

ताराबाई पार्क डबल्स
जुन्या नियमात सर्व्हिसला शटल कंबरेखाली मारायचं, आणि कंबर म्हणजे सगळ्यात खालच्या बरगडीची पातळी. बरगडी शर्टाखाली, त्यामुळं ज्याचा आवाज मोठा त्याची कंबर खाली! २०१८ पासून मोठ्या स्पर्धांत जमिनीपासून १.१५ मीटर आलं. भांडण मिटलं, पण उंच खेळाडूला वाकावं लागतं आणि बुटक्याची चैन. तिथं सर्व्हिस जजसमोर, म्हणजे फक्त सर्व्हिस बघणाऱ्या पंचासमोर, दोन पारदर्शक पट्ट्या उभ्या असतात, दोन्हींवर १.१५ ला काळी रेघ. दोन रेघा एकावर एक दिसल्या की नजर बरोबर उंचीला आली.

लक्ष्मीपुरी हार्डवेअर
अहो, ॲक्रिलिकची शीट दुकानात पडूनच आहे! दोन पट्ट्या कापतो, मार्करनं रेघ मारतो. स्टँडला काय वापरायचं ते सांगा, हलता कामा नये.

पेठेतला स्मॅश
सिमेंटनं भरलेला रंगाचा डबा. आमचा नेटचा खांब त्यावरच उभा हाय.