'पटत नसेल तर राजीनामा द्या' म्हणणाऱ्यांसाठी

पेठेतला कारकून:
कालची पोस्ट वाचली. "सरकारी नोकरांना युनियन कशाला? पगार पटत नसेल तर राजीनामा द्या." मी 1999 ला लागलो, म्हणजे मला जुनीच पेन्शन, शेवटच्या पगाराच्या निम्मी. तरी मार्च 2023 मध्ये आठवडाभर संपावर बाहेर बसलो, कारण शेजारच्या टेबलावरचा पोरगा 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेला, त्याला ती पेन्शन नाही. काम तेच, म्हातारपण वेगळं. हे मांडायचं कुठे? वर्तणूक नियमांत संपाला मनाई. तमिळनाडूच्या सरकारी नोकरांच्या संपावरच्या 2003 च्या रंगराजन निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, संपाचा हक्क मूलभूत नाही, कायदेशीर नाही, नैतिकही नाही. उरलं निवेदन. द्या आणि फोटो काढा!

कोथरूडकर:
पोस्ट माझीच. तुमच्या संपाच्या त्याच आठवड्यात पोरीच्या आरटीई अर्जासाठी, म्हणजे खासगी शाळेतल्या मोफत जागेसाठी, उत्पन्नाचा दाखला हवा होता. चार खेपा घातल्या. माझ्या वडिलांना ईपीएफची पेन्शन दीड हजारसुद्धा नाही, ते कुणाच्या दारात बसणार?

एसटीवाल्याची बायको:
वडिलांना कमी मिळते म्हणून इतरांचीही कापायची का? एसटीत कामगार युनियनला मान्यता देणारा 1971 चा कायदा आहे, मान्यताप्राप्त युनियनने वाटाघाटी करायच्या. तरी 2021 ला लोक एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणासाठी युनियनला न जुमानता बाहेर पडले. कित्येक महिने घरात पगार नव्हता, मंगळसूत्र गहाण टाकलं. विलीनीकरण झालं नाही ते नाहीच. संपाला माज म्हणणाऱ्यांनी जरा जपून बोला.

कंत्राटी:
तुमचं चालू द्या. मी सात वर्षं एकाच टेबलावर आहे, ठेकेदार तेवढे तीन झाले. 2023 च्या संपात कचेरी आम्हीच उघडी ठेवली. बाहेरून घोषणा, "एकच मिशन, जुनी पेन्शन". इथे पगाराची पावती मिळायची मारामार!

पेठेतला कारकून:
म्हणजे संप तुम्ही फोडलात.

कंत्राटी:
फोडायला आधी आत तरी घ्यायचं होतं! सभासद व्हायला आलो होतो, तुमच्याच माणसाने परत पाठवलं.

एसटीवाल्याची बायको:
हे मात्र खरं बोलला. आमच्याकडेही तेच.

कोथरूडकर:
निकाल काढून वाचला. 'नैतिकही नाही' हे जरा अतीच आहे, घ्या, मान्य केलं. आता हार आणू का? पण या कंत्राटी भावाला सभासद का केलं नाहीत, ते सांगा.

पेठेतला कारकून:
युनियनच्या घटनेत नियमित कर्मचारी असंच लिहिलंय. मी एकटा काय करू? नियमात बसत नाही.

कोथरूडकर:
दाखल्याच्या खिडकीवर मलाही हेच ऐकवलं होतं.